शंका आणि खात्री

बाप्तिस्मा झाला, नित्य प्रार्थना चालू आहे. तरी ‘माझे तारण खरोखर झाले आहे का?’ ही शंका अनेक ख्रिस्ती मनांना छळते. पंडिता रमाबाईही यातून गेल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. सेवा घडत होती, पण मनाला शांती नव्हती. आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. स्वतःच्या पात्रतेचा हिशेब सोडून सारा भार ख्रिस्तावर टाकला, तेव्हा खात्री पटली. शंका आली म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. त्या वेळी स्वतःला तपासत बसण्यापेक्षा तारणाऱ्याकडे पाहावे.