डीएनए कुणाचा मागायचा?

पालमच्या एका तरुणाने विचारले, "दादा, गोव्यातला झेवियरचा देह बौद्ध भिक्खूचा आहे म्हणतात. मग डीएनए चाचणीला आपला पाठिंबा का नको?"

श्रीलंकेतील काही बौद्धांचा तसा दावा आहे खरा. पण २०२४ मध्ये चाचणी मागितली ती गोव्यातील संघाचे माजी प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी. ही चिकित्सा नव्हे, अल्पसंख्याकांना डिवचणे आहे. आणि जुळवायला खात्रीचा नमुना नसेल, तर नुसता डीएनए कुणाचे नाव सांगत नाही.

प्रश्न हाडांना नको, इतिहासाला विचारा. १५४६ साली झेवियरनेच पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले. त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये ते सुरू झाले. त्याच सुमारास पोर्तुगीजांनी श्रीलंकेतून लुटून आणलेला 'बुद्धाचा दात' गोव्यात कुटून जाळला. तरी कँडीत दंतधातूची पूजा चालूच आहे! मग खरा कोणता? हा प्रश्न आपल्यालाही चुकणार नाही.

बुद्धाने आपल्यामागे धम्मालाच शास्ता मानायला सांगितले. दात खोटा निघाला तरी धम्म खोटा ठरत नाही. झेवियरचा देह खरा निघाला तरी इन्क्विझिशन धुतले जात नाही. चिकित्सा सर्वांची करा, सुरुवात स्वतःपासून करा. पण संघाचे प्यादे होऊ नका.

जयभीम!