वजनकाट्याचा निर्वाळा पुरेसा नाही

इन्सुलिनरोध मधुमेहाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो. स्नायू, यकृत आणि मेदपेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन स्रवते आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवते. या अवस्थेबरोबर पाच खुणा वारंवार एकत्र दिसतात: वाढलेला कंबरेचा घेर, १५० किंवा अधिक ट्रायग्लिसराइड, पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), १३०/८५ किंवा अधिक रक्तदाब, आणि उपाशीपोटी १०० किंवा अधिक साखर. यांपैकी कोणत्याही तीन आढळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

हे सगळे थोतांड आहे, असे ठामपणे सांगणारा एक पक्ष आहे. त्याचे मुद्दे चार. सिंड्रोम हा औषधे खपवण्यासाठी काढलेला आजार आहे. आजोबा-पणजोबा तूप-गूळ-भात खाऊन ठणठणीत जगले. साखर नॉर्मल आली की विषय संपला. आणि सडपातळ माणसाने तर याची चिंताच करू नये.

पहिला मुद्दा टिकत नाही, कारण या अवस्थेवरचा पहिला उपाय चालणे आणि पोट कमी करणे हा आहे. त्यात औषधविक्रेत्याच्या हाती काहीच लागत नाही. दुसऱ्यात आजोबांचे ताट मोजले जाते, त्यांची दिवसभराची मेहनत मोजली जात नाही, आणि अकाली गेलेल्या आजोबांची तर आठवणही काढली जात नाही. तिसरा मुद्दा रोगाची रीतच उलटी वाचतो: स्वादुपिंड जादा काम करून साखर नॉर्मल ठेवते, हाच तर इन्सुलिनरोधाचा पहिला टप्पा.

चौथा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो महाराष्ट्रातल्या माणसाला थेट फसवतो. ‘माझे वजन उंचीच्या प्रमाणात आहे’ हे वाक्य म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. वजनकाटा स्नायू आणि मेद वेगळे करत नाही, आणि मेद कुठे साठला आहे हेही सांगत नाही. त्वचेखालच्या मेदापेक्षा पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेला मेद इन्सुलिनच्या कामात जास्त आडवा येतो.

याचा सुप्रसिद्ध दाखला पुण्याचाच आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोन माणसांवरून नियम कसा काढायचा, असे यावर विचारले जाते. नियम काढायचाच नाही. समान बीएमआय म्हणजे समान मेद, हा दावा खोडायला एकच उदाहरण पुरते. शिवाय २२.३ हा आकडा भारतीयांसाठी लावल्या जाणाऱ्या २३ च्या कडक मर्यादेतही बसतो.

नियम हवा असेल तर तोही पुण्याजवळच्या खेड्यांत सापडतो. तिथे १९९३ पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास झाला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजातांच्या दुसऱ्या एका तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिन जास्त आढळले. ज्या मुलाची सुरुवातच कमी स्नायूंवर होते, त्याला मोठेपणी बैठे काम आणि भरपूर खाणे मिळाले, तर हात-पाय काटकुळे आणि पोट सुटलेले अशी ठेवण होते. घरचे त्याला ‘बारीक’ म्हणतात, आणि तपासणी लांबते.

पॅन्टचा नंबर हेही असेच खोटे समाधान आहे. सुटलेल्या पोटाचा माणूस पट्टा पोटाखाली बांधतो, म्हणून नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. घेर मोजायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा आहे.

सिंड्रोम मुळात आहे की नाही, हा वाद जुना आहे. २००५ मध्ये मधुमेहतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनीच विचारले होते की, धोके वेगवेगळे मोजण्याऐवजी त्यांना एक नाव देऊन जास्त काय कळते. प्रश्न रास्त होता. पण प्रत्येक खुणेवर उपचार कराच, हा त्यांचा आग्रह होता. आजचे आक्षेपक त्यातला प्रश्न उचलतात आणि आग्रह गाळतात. हा अप्रामाणिकपणा आहे.

मग करायचे काय? भारतातच झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपैकी नेहमीचाच सल्ला मिळालेल्या ५५ टक्के जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामाचा पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. जेवणातल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू शोषतात आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतो. म्हणून आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोनदा-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हा पाया. ताटात भात-पोळी कमी, डाळी, उसळी, भाज्या, अंडी-मासे जास्त. गोड पेये बंद. पोट सुटले असेल तर वजनात ५ ते ७ टक्के घटही उपयोगी ठरते. झोप पुरेशी, तंबाखू वर्ज्य.

एवढ्याने आकडे उतरले नाहीत, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेण्यात कमीपणा नाही. मानेवर काळपट जाड त्वचा, फॅटी लिव्हर, पीसीओएस, गरोदरपणी झालेला मधुमेह किंवा आई-वडिलांचा मधुमेह असेल, तर वजन कितीही कमी दिसो, घेर, रक्तदाब, साखर आणि लिपिड दरवर्षी तपासून घ्यावेत.