गुलाबाचा डोळा



शिक्षकदिनाला तुम्ही बाईंना किंवा सरांना गुलाब देता ना? लांब दांडा, टोकदार कळी आणि दांड्यावर एकच टपोरं फूल! तो बहुतेक वेळा 'हायब्रिड टी' या कुळातला असतो. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत गॅलरीतल्या कुंड्यांमध्येही हे कूळ पुष्कळ दिसतं. आता तुम्ही विचाराल, नावात 'टी' कशाला? याचा चहा करतात की काय?

नाही हं! सुमारे दोनशे वर्षांपूर्वी चीनमधून काही नाजूक गुलाब युरोपात गेले. त्यांचा वास लोकांना चहाच्या ताज्या पानांसारखा वाटला, म्हणून ते 'टी रोझ'. वर्षातून पुन्हा पुन्हा फुलणं हा त्यांचा मोठा गुण. पण कडाक्याची थंडी त्यांना सोसत नसे. युरोपातले गुलाब मात्र थंडीला कणखर होते. दोघांच्या संकरातून 'हायब्रिड टी' म्हणजे संकरित टी गुलाब आले. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या गियो यांचा १८६७ सालचा रुपेरी-गुलाबी 'ला फ्रान्स' हा त्यातला पहिला मानतात.

आता गंमत ऐका. 'ला फ्रान्स' आजही फुलतो! मग ते जुनं झाड इतकी वर्षं जगलं? छे! बी पेरून नवी झाडं केली? तेही नाही. संकरित गुलाबाचं बी पेरलं, तर प्रत्येक रोप निराळं निघतं. सख्खी भावंडं तरी कुठे अगदी सारखी दिसतात? जात जशीच्या तशी हवी असेल, तर त्याच झाडाचा तुकडा घेऊन नवं झाड करावं लागतं.

पान फांदीला जिथे चिकटतं, तिथे बगलेत एक बारीक फुगीर कोंब असतो. त्याला माळी 'डोळा' म्हणतात. हा डोळा सालीसकट अलगद काढायचा. रानटी गुलाबाच्या काटक खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, तिच्यात डोळा सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचं. डोळा फुटला, की त्याच्या वरचा खुंट छाटून टाकायचा. झालं! मुळं रानटी आणि फुलं 'ला फ्रान्स'ची. यालाच 'डोळा भरणं' म्हणतात.

एवढ्याशा डोळ्याने एक गुलाब महायुद्धातून तारला, बरं का! फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच माणसाने पिवळा, गुलाबी कडांचा एक सुंदर गुलाब तयार केला होता. १९३९ मध्ये युद्धाचे ढग जमले, तेव्हा त्याने त्या झाडाच्या डोळ्यांच्या काड्या दुसऱ्या देशांत पाठवल्या. अमेरिकेत त्या जगल्या, वाढल्या. १९४५ मध्ये तिथे त्या गुलाबाचं नाव ठेवलं 'पीस', म्हणजे शांती!

आपल्याकडेही असा एक नामवंत गुलाबवेडा होऊन गेला. डॉ. बी. पी. पाल हे खरं तर गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला तोंड देणारे गहू त्यांनी तयार केले. पण फावल्या वेळात ते गुलाबांचे संकर करत. त्यांच्या एका पांढऱ्या हायब्रिड टी गुलाबाचं नाव आहे 'डॉ. होमी भाभा'. तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र उभारणारे डॉ. भाभा १९६६ मध्ये विमान अपघातात गेले. ते केंद्र घाटकोपरपासून फार लांब नाही. कुणीतरी त्या गुलाबाचे डोळे भरत राहील, तोवरच तो फुलत राहील.

आता आपल्या गॅलरीत येऊ. लालभडक गुलाब आणला आणि दोनेक वर्षांनी त्याला फिकट, बारीक फुलांचे झुबके आले, असं कित्येक घरी होतं. 'नर्सरीवाल्याने फसवलं' म्हणून मोठी माणसं चिडतात. खरं कारण खाली बघा. बुंध्याशी गाठीसारखा जाड भाग असतो. तो डोळा भरल्याचा जोड. त्याच्या खालून आलेली फूट रानटी खुंटाची. ती जोमाने वाढते, सगळं अन्न खाते आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. म्हणून ती दिसताच मुळाशी धरून, ओढून काढा. तो जोड मातीत पुरू नका.

मुंबईच्या पावसात पानांवर काळे ठिपके पडून ती गळतात. पडलेली पानं कुंडीत ठेवू नका आणि कुंडीच्या भोकातून पाणी वाहतंय ना, ते पाहा. पाऊस संपला, की ऑक्टोबरात मोठ्या माणसांच्या मदतीने छाटणी करा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप द्या. शेणखत घाला. रोज चार-पाच तास ऊन मिळालं, तर दीडेक महिन्यात कळ्या दिसू लागतील.

आणि हो, रोप आणताना नर्सरीवाल्या काकांना त्याचं नाव विचारा. आइस्क्रीमच्या काडीवर ते पेन्सिलीने लिहा (शाई पावसात धुऊन जाते) आणि काडी कुंडीत खोचा. झाड जगलं, पण नाव हरवलं, तर ते परत सापडणं फार अवघड. उद्या कुणी तुमच्याकडे फांदी मागितली, तर फांदीबरोबर नावही द्या हं!

पुढच्या आठवड्यात भेटू, दुसऱ्या कुंडीपाशी.