घाटात 'एल' कशासाठी?

आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी आता आपल्या गावात नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मारुती सुझुकीने २०१४ साली 'सेलेरिओ' ही गाडी स्वयंचलित गिअरसह बाजारात आणली आणि ही सोय मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येऊ लागली. डावा पाय मोकळा झाला, क्लच दाबून गुडघा दुखणे थांबले. या सुधारणेविरुद्ध माझी मुळीच तक्रार नाही. तक्रार आहे ती सोयीबरोबर आलेल्या एका समजुतीविषयी. "दांडा 'डी'वर ठेवला की बाकीचे गाडी बघून घेते," ही ती समजूत. सपाट रस्त्यावर ती खपून जाते. पण बेळगावाहून पश्चिमेला निघालो की चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोड यांपैकी कोणता तरी घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही. म्हणून दांड्याजवळ कोरलेल्या 'एल', '२' किंवा अधिक-उणे या खुणांचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विज्ञान शाखेचा विद्यार्थी म्हणून आधी थोडा हिशेब मांडतो. माणसांसह १४०० किलो वजनाची मोटार ६०० मीटर खाली उतरली, असे धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा येते. एवढ्या उष्णतेने साधारण २५ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल! ही ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. थोडा वाटा हवा आणि टायर यांच्या घर्षणात जातो. उरलेला सगळा आपण ब्रेकवर लादला तर चाकातील त्या लहानशा तबकड्या आणि लायनर तापणार, हे उघड आहे. फार तापलेले लायनर पकड सोडू लागतात. त्याहून वाईट म्हणजे उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. 'डॉट ३' प्रतीचे ताजे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकावे, असे मानक सांगते. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलसर ऑइलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर आली आहे. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. 'ब्रेक फेल झाला' असे आपण ज्याला म्हणतो, त्यातला बराच भाग हा असा असतो.

यावर उपाय इंजिनातच आहे. ॲक्सिलेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनाची हवेची झडप जवळजवळ बंद होते. दट्ट्यांना ती अरुंद वाट ओढून हवा घ्यावी लागते. आता चाके इंजिनाला फिरवत असतात आणि इंजिन त्यांना मागे खेचते. गिअर जितका खालचा, तितके इंजिन जास्त फेरे घेते आणि तितकी ही ओढ चाकांवर अधिक पडते. पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरपेटीतही 'एल' हेच काम करतो, इंजिनाचे फेरे चढते ठेवतो. उष्णता ब्रेकऐवजी इंजिनात जाते, आणि ती बाहेर टाकायला तेथे पाणी, पंखा व रेडिएटर तयारच असतात.

मग स्वयंचलित गाडी हे स्वतःहून का करीत नाही? ती गिअर ठरवते मुख्यतः दोन गोष्टींवरून: गाडीचा वेग किती आणि ॲक्सिलेटर किती दाबला आहे. उतारावर वेग वाढत असतो आणि पाय तर वर असतो. गिअरपेटीला वाटते, गाडी मजेत धावते आहे, ओझे काही नाही. म्हणून ती वरचा गिअर टाकते. जेथे खेचून धरायला हवे तेथेच ती लगाम सैल सोडते. काही नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरून ठेवतात, हे खरे. पण त्यांनाही पुढच्या वळणाआड उभी असलेली मालट्रक दिसत नाही. यंत्र झाल्या गोष्टीवरून निर्णय घेते, येणारी गोष्ट माणूस पाहतो. 'एल' ठेवला आहे तो एवढ्याचसाठी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, इंजिन ओरडते म्हणजे ते खराब होते. काटा तीन-चार हजार फेऱ्यांवर गेला म्हणजे इंजिनावर अत्याचार झाला असे नव्हे. लाल रेघ अजून दूर असते. शिवाय वेग फार असताना खालचा गिअर मागितला तर बहुतेक आधुनिक गाड्या तो नाकारतात. दुसरा आक्षेप पेट्रोलचा. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग आपल्याकडे अजून आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की, आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय वर असेल, तर फेरे पुरेसे असेपर्यंत इंधन बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. म्हणजे बचतही नाही आणि लगामही नाही.

माझे एक मामा भाजीची ट्रक घेऊन गोव्याला जात. "ज्या गिअरात चढायचे, त्याच गिअरात उतरायचे," हे त्यांचे पहिले सूत्र. ते त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, क्लीनर असतानाच शिकले होते. आपल्या पिढीला तो गुरू भेटत नाही. मी ज्या ठिकाणी गाडी शिकलो, तेथे सगळे शिक्षण सपाट रस्त्यावर झाले. उतार हा शब्दही कोणी उच्चारला नाही. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १५ वा नियम सांगतो की, उतारावर झटपट खालचा गिअर टाकता येतो की नाही, हे परवान्याच्या परीक्षेत पाहावे. मोटारीच्या परवान्यात हाताचे गिअर आणि आपोआपचे गिअर असा भेदही नाही. मग घाटाच्या तोंडावर राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना 'एल' दाखवल्यावाचून परवाना मिळावा, हे कितपत योग्य? सपाट मैदानावर जे पाहता येत नाही, ते शिकवणाऱ्यांनी निदान एकदा खऱ्या उतारावर नेऊन करून दाखवावे, एवढीच माझी मागणी आहे.

पावसाळ्यात आपल्यापैकी अनेकजण भाड्याची गाडी घेऊन धबधबे पाहायला निघतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. गिअर उतार सुरू होण्यापूर्वी कमी करावा. वेग वाढल्यावर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, एकदम खालचा गिअर टाकल्यास चाके घसरू शकतात. ब्रेक सतत दाबून धरू नये. वेग वाढला की नीट दाबून तो कमी करावा आणि मोकळा सोडावा. केवळ गिअरने वेग कमी होताना मागचा लाल दिवा लागत नाही, म्हणून मागे वाहन असेल तर ब्रेकला हलकासा स्पर्श करून त्याला सूचना द्यावी. आणि चढावर गर्दीत अडकलात तर ॲक्सिलेटरवर गाडी तोलून धरू नये. आपोआप चालणारा क्लच ज्यांत असतो, त्या गाड्यांत तो अशाने जळतो. तेथे ब्रेकच लावावा.

विजेच्या गाड्यांत ही कटकट नाही, असे कोणी म्हणेल. त्यांची मोटर उतारावर उलट वीज तयार करून गाडी खेचून धरते, हे खरे. पण घाटमाथ्यावरच बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज साठवायला जागा उरत नाही आणि ती ओढही कमी होते. म्हणजे तेथेही विचार करावा लागतो, चालकालाच.

आपल्या कन्नड विभागातील मित्र घाटाला 'घट्ट' म्हणतात. आपल्या मराठीत घट्ट म्हणजे पक्के, न सुटणारे. घाट उतरताना दोन्ही भाषांचा अर्थ एकत्र धरला तर बरे. स्वयंचलित गाडीने आपला एक पाय मोकळा केला आहे, जबाबदारीतून मोकळे केलेले नाही. गाडीच्या मागे बसलेल्या चौघांनी आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, गिअरपेटीवर नव्हे. तेव्हा पुढच्या खेपेस घाटमाथ्यावर पोहोचलात की चहा घ्या, दरी पाहा, आणि निघण्यापूर्वी दांडा 'एल'वर घ्या.

— एक विद्यार्थी, बी. एस्सी. भाग ३