पार्श्वसंगीत नावाचं बॅकएंड

आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हटलं की डोक्यात येतात ती फक्त गाणी. पार्श्वसंगीत म्हणजे सॉफ्टवेअरचं बॅकएंड. नीट चाललं तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं!

'सायको'चंच (१९६०) बघा. शॉवरमधल्या खुनाला संगीत नको, असं हिचकॉकचं म्हणणं. बर्नार्ड हरमननं तरीही ते लिहिलं, तेही नुसत्या तंतुवाद्यांवर. ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. आवाज बंद करून तो प्रसंग पाहा, निम्मी भीती तिथेच गळून पडते. दुसऱ्या टोकाला 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७). संगीतकार कार्टर बरवेल, पण संगीत जवळजवळ नाहीच. तिथे शांतताच अंगावर येते.

आपलं घोडं इथेच अडतं. नायक रडतोय हे दिसतंय की राव, वर व्हायोलिननं कशाला सांगायला हवं? (मालिकांबद्दल तर बोलायलाच नको. सासूची भुवई हलली की ढॅण ढॅण ढॅण!)

दोष एकट्या संगीतकाराचा नाही. पार्श्वसंगीताची पाळी येते एडिटिंगनंतर. आधीच्यांनी उशीर केलेला असतो आणि रिलीजची तारीख काही हलत नाही. टेस्टिंगवाल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. मग पडका सीन उचलायला आवाज वाढवला जातो.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'साठी (१९६८) लिओनेनं मोरिकोनेकडून संगीत शूटिंगआधीच करून घेतलं आणि सेटवर वाजवलं. संगीतकाराला असं पहिल्या दिवशी बोलवा. मगच तो "इथे काहीच नको" असं म्हणू शकेल.