उघड्या ट्रेलरवरून लोखंड वाहणाऱ्या चालकांचे निवेदन

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : लोखंड-पोलाद व अवजड मालाची लांब पल्ल्याची वाहतूक करणाऱ्या ट्रेलरचालकांच्या विश्रांती, सुरक्षितता, वेतन व कल्याणविषयक मागण्यांबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे चालक कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल आणतो आणि तिथून पुढे नेतो. भिलाई, राउरकेला, बेल्लारी, हजिरा, डोलवी, जालना इथून पत्र्याच्या कॉइल, प्लेटा, सळया आणि पाइप घेऊन चाकण, वाळूज, नाशिक, बंगळूर, चेन्नईपर्यंत आमच्या गाड्या जातात. आमच्यात बीड, नांदेड, अहिल्यानगर, साताऱ्याचे लोक आहेत, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, पंजाबचेही आहेत. महिन्यातले बहुतेक दिवस केबिन हेच आमचे घर असते.

आमच्या ट्रेलरला बाजू नसतात आणि छप्परही नसते. माल साखळ्या, रस्से आणि लाकडी ठोकळ्यांच्या आधारावर असतो. वीस-पंचवीस टनांची कॉइल बांधलेली साखळी जोराच्या ब्रेकने तुटली, तर कॉइल थेट केबिनवर येते. म्हणून निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून साखळ्या पुन्हा आवळाव्या लागतात आणि घाटाआधी पुन्हा तपासाव्या लागतात. पाऊस आला की लोखंड गंजू नये म्हणून मालावर चढून ताडपत्री टाकावी लागते. पूर्वी सोबत क्लीनर असायचा. आता बहुतेक गाड्यांवर चालक एकटाच असतो, त्यामुळे ताडपत्रीचे दुसरे टोक शेजारच्या गाडीचा चालक धरतो.

तो ओळखीचा असतोच असे नाही. कसाऱ्यात किंवा बोरघाटात हवेचा पाइप फुटून गाडी अडकली, तर मागून येणारा आपला पाइप काढून देतो आणि गाडी मार्गी लागेपर्यंत मागे उभा राहून इतर वाहनांना हात दाखवतो. माल उतरायला दोन-तीन दिवस लागले आणि खर्चीचे पैसे संपले, की एकाचा कुकर, दुसऱ्याचा तवा आणि तिसऱ्याचे पीठ असा मिळून स्वयंपाक होतो. रात्री रस्त्याकडेला उभ्या गाड्यांमध्ये पाळीपाळीने एक जण जागतो, कारण टाकीतले डिझेल आणि स्टेपनी दोन्हींवर चोरांचा डोळा असतो. परमुलखात चालक दगावला, तर मृतदेह गावी पोचवण्याच्या रुग्णवाहिकेसाठी आम्हीच वर्गणी काढतो.

हे आम्ही आजवर करत आलो आणि पुढेही करू. आमची तक्रार अशी की, ज्या गोष्टींची जबाबदारी कायद्याने मालकावर, कारखान्यावर किंवा शासनावर टाकली आहे, त्यातल्या कित्येक आज एका चालकाने दुसऱ्याला दिलेल्या मदतीवर चालल्या आहेत. आमची एकी हा आमचा स्वभाव आहे, पण तिच्या भरवशावर व्यवस्थेने हात झटकू नयेत. म्हणून पुढील मागण्या आपल्यासमोर ठेवत आहोत.

१. थांबण्यासाठी हक्काची जागा

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी परवानगीने ती १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येत असे. सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतिगृह पुरवणे, याही तरतुदी त्यात होत्या. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावण्यात आला. कागदावर तास मोजलेले आहेत. मात्र तास भरले म्हणून गाडी थांबवायची ठरवली, तरी चाळीस फुटी ट्रेलर उभा करायला जागा सापडत नाही. ढाब्यावर जेवण घेतले तरच थांबू देतात आणि तेही तासा-दोन तासांसाठी. मग गाडी रस्त्याच्या कडेला लागते. तिथून पोलीस हुसकावतात आणि डोळ्यांवर झोप असतानाच पुन्हा चाक फिरते. कडेला उभ्या ट्रेलरवर मागून वाहन आदळले, तर त्यात प्राण बहुधा मागच्या वाहनातल्या माणसांचे जातात. म्हणजे थांब्याचा प्रश्न रस्त्यावरच्या सर्वांचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मा. पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात १,००० विश्रांतिस्थळे उभारण्याची घोषणा केली. न्हावा शेवा बंदरात कंटेनर ट्रेलरसाठी केंद्रीय पार्किंग प्लाझा उभा राहिला आहे. म्हणजे इच्छा असेल तर जागा मिळते. आमची मागणी अशी :

अ) राष्ट्रीय महामार्ग ४८ व ५३ आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दर १०० किलोमीटरच्या आत, दोन्ही दिशांना, ट्रेलर वळू शकेल एवढे प्रकाशित व राखणदार असलेले वाहनतळ करावेत. तिथे पाणी, शौचालय, अंघोळीची आणि स्वयंपाकाची सोय असावी.

आ) कळंबोलीत माल उतरण्याची वाट पाहणाऱ्या चालकांसाठी स्वच्छ शौचालये व पिण्याचे पाणी तातडीने द्यावे.

इ) अधिकृत वाहनतळ नसलेल्या टप्प्यात रात्री विश्रांतीसाठी सुरक्षित जागी थांबलेल्या चालकाला दंड करण्याऐवजी जवळच्या थांब्याची वाट दाखवण्याच्या सूचना महामार्ग पोलिसांना द्याव्यात.

२. माल चढवताना व उतरवताना सुरक्षितता

माल चढवणाऱ्या माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने मंडळ, मजुरीची हमी आणि संरक्षण दिले, याचा आम्हाला आदर आहे. त्याच मालावर ताडपत्री टाकायला चढणाऱ्या चालकाची मात्र कोणाकडे नोंद नाही. ओल्या प्लेटांवरून पाय घसरून हात-पाय मोडल्याच्या घटना आमच्यातल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. अशा वेळी कारखाना म्हणतो, माणूस आमचा नाही. मालक म्हणतो, घटना गेटच्या आत घडली.

यासाठी प्रत्येक मोठ्या कारखान्यात व गोदामात ताडपत्री टाकण्यासाठी कठडा असलेला फलाट आणि कमरेचा सुरक्षा पट्टा अनिवार्य करावा. माल योग्य प्रकारे बांधल्याचे प्रमाणपत्र पाठवणाऱ्याच्या सहीने बिल्टीसोबत द्यावे. साखळ्या व पट्टे तपासून बदलण्याची जबाबदारी वाहनमालकावर असावी. गेटवर वाट पाहणाऱ्या चालकांना कारखान्याचे शौचालय व उपाहारगृह खुले करावे. पोचल्यापासून १२ तासांत माल उतरला नाही, तर पुढच्या प्रतीक्षेचा भत्ता चालकाच्या बँक खात्यात थेट जमा व्हावा. आज हाल्टिंगचे पैसे मिळालेच, तर ते मालकापाशीच थांबतात.

३. जादा वजनाचा दंड खऱ्या जबाबदारावर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. गाडीत किती माल घालायचा हे चालक ठरवत नाही. क्रेनवाला माल ठेवतो, काट्यावर वजन होते आणि चालकाच्या हाती कागद येतात. नकार दिला तर फेरी जाते. हेच कलम गाडी चालवणाऱ्यासोबत ती चालवायला लावणाऱ्यालाही दोषी धरते. त्या अर्ध्या भागाचीही अंमलबजावणी व्हावी, माल पाठवणाऱ्यावर व मालकावर कारवाई व्हावी आणि वजनाविषयी लेखी हरकत घेणाऱ्या चालकाचा परवाना निलंबित होऊ नये.

४. एव्हरेजची कपात बंद करावी

अनेक मालक डिझेलचे एव्हरेज ठरवून देतात आणि त्यापेक्षा जास्त डिझेल लागले तर फरक चालकाच्या पैशांतून कापतात. घाट, वाहतूककोंडी, ओझे, जुने इंजिन यांचा हिशोब त्यात नसतो. ही कपात भरून काढण्यासाठी काही जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. तसे केले की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. पुण्यातील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर असे अपघात वारंवार झाले आहेत. प्रत्येक वेळी चालकावर गुन्हा दाखल होतो, पण ज्या हिशोबाने त्याला न्यूट्रलमध्ये ढकलले त्याची चौकशी होत नाही.

म्हणून एव्हरेजवर आधारित कपात बेकायदा ठरवावी, मासिक किमान वेतन बँकेतून द्यावे, फेरी-भत्ता त्याहून वेगळा असावा आणि नेमणुकीचे पत्र सक्तीचे करावे. उतारांवर जड वाहनांचे गिअर व ब्रेक तपासण्यासाठी थांबे करावेत.

५. अपघातानंतर चालकाचे संरक्षण

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालक रस्त्यावर उतरले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू होताना हे उपकलम बाजूला ठेवले गेले. जखमीला सोडून जाण्याचे आम्ही समर्थन करत नाही. पण जमावाच्या हातून जाळलेल्या गाड्या आणि मार खाल्लेले चालक आम्ही पाहिले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नेही जमावाच्या रोषामुळे मदत देणे अशक्य होऊ शकते, हे मान्य केले आहे. म्हणून ११२ वर केलेल्या दूरध्वनीची वेळ हीच पोलिसांना कळवल्याची नोंद मानावी. जवळच्या ठाण्यात किंवा टोलनाक्यावर हजर झालेल्या चालकास पळून गेलेला समजू नये. अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना कलम १३४अ ने दिलेले संरक्षण मदतीला थांबलेल्या ट्रकचालकालाही मिळते, हे सर्व पोलीस ठाण्यांना परिपत्रकाने कळवावे.

६. कल्याणकारी मंडळ

राज्याने रिक्षा व टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळाचा निर्णय घेतला. त्याच धर्तीवर मालवाहू वाहनांच्या चालकांसाठी मंडळ असावे. त्यात इतर राज्यांतून येऊन महाराष्ट्रात काम करणाऱ्यांचीही नोंदणी व्हावी. मंडळामार्फत अपघात विमा, मोफत डोळे व रक्तदाब तपासणी, मुलांसाठी शिष्यवृत्ती आणि बाहेरगावी मृत्यू झाल्यास मृतदेह गावी पोचवण्याचा खर्च मिळावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्याआधीच्या गाड्यांमध्ये ही सोय बसवणाऱ्या मालकांना करात सवलत द्यावी, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात लोखंडी डब्यात झोपणाऱ्यांनाही दिलासा मिळेल.

महोदय, यातल्या बऱ्याच मागण्यांना नवा कायदा लागत नाही. असलेला कायदा रस्त्यावर उतरवला तरी पुरे. परिवहन, कामगार, गृह व सार्वजनिक बांधकाम या विभागांचे अधिकारी आणि चालकांचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक ३० दिवसांच्या आत आपल्या अध्यक्षतेखाली बोलवावी, अशी नम्र विनंती आहे. बैठक न झाल्यास सनदशीर मार्गाने आंदोलन करण्यावाचून आम्हाला पर्याय उरणार नाही. तशी वेळ येऊ नये, हीच आमची अपेक्षा.

आपले विश्वासू,
लोखंड व अवजड मालाचे ट्रेलरचालक,
कळंबोली, ता. पनवेल, जि. रायगड.
(सोबत सह्यांची यादी जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१. मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
२. मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
३. मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक), महाराष्ट्र राज्य
४. मा. जिल्हाधिकारी, रायगड