‘सगळे तिथेच आहेत’ म्हणजे नक्की कोण?

ओपन सोर्स प्रकल्पाची रेपो बनायच्या आधी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनतो. कारण काय, तर ‘सगळे तिथेच आहेत’. सगळे म्हणजे आज आपल्या ओळखीचे सात-आठ जण. सहा महिन्यांनी एरर मेसेज गूगलवर टाकून उत्तर शोधणारी लातूरची विद्यार्थिनी त्यात नसते. तिने आत यायचं तर आधी स्वतःचा मोबाइल नंबर अनोळखी पुरुषांसमोर ठेवायचा. एवढं करूनही गेल्या वर्षभराची चर्चा तिला वाचायला मिळत नाहीच.

मी मराठी स्पेलचेकरच्या एका छोट्या प्रकल्पात काम करतो. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि मग न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, प्रोग्रामला वेगळे. यावर तीन रात्री उत्तम भांडण झालं, निर्णय झाला, आणि तो ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडला गेला. आता दर नव्या माणसाबरोबर तेच भांडण पहिल्यापासून.

मग कुणीतरी स्लॅक सुचवतं. तिथे २०२२पासून फुकट प्लॅनवर ९० दिवसांचंच बोलणं दिसतं आणि २०२४पासून वर्षापेक्षा जुनं पुसलंच जातं. कंपनी आहे, करणारच. डिस्कॉर्डवर सगळं राहतं, पण गूगलला दिसत नाही. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीसाठी ते नसल्यातच जमा.

दुसऱ्या टोकाला आयआरसीवाले दादालोक. १९८८चं तंत्र, नेट गेलं की मधले मेसेज गायब. लोकलमध्ये फोनवर काम करणाऱ्याने काय करायचं? पण त्यांची एक गोष्ट मान्य करायलाच हवी. २०२१मध्ये फ्रीनोडच्या मालकीवरून वाद पेटला, तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांनी लिबेरा चॅट उभं केलं आणि कितीतरी प्रकल्प सर्व्हरचा पत्ता बदलून तिकडे गेले. क्लायंट तोच, सवयी त्याच. व्हॉट्सअ‍ॅपवरून असं उठून जाता येईल?

म्हणून माझं मत झुलिपला. ते स्वतः ओपन सोर्स आहे, चर्चा विषयवार लागते, चॅनेल खुलं ठेवलं तर अकाउंटशिवाय वाचता येतं, डेटा उचलून नेता येतो. पक्के निर्णय मात्र रेपोतच, इश्यूमध्ये. गप्पा कुठेही मारा.

‘नवीन अ‍ॅप म्हटलं की लोक येणार नाहीत,’ असं मला हमखास ऐकवलं जातं. वाचायला अकाउंट लागत नाही, बोलायला लागतं, आणि ते उघडायला दोन मिनिटं पुरतात. तेही ज्याला जड जातं, तो पुल रिक्वेस्ट कधी पाठवणार होता?